युद्धाचा लगाम कोणाच्या हाती?

कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी पहिल्यांदा पळसदरीला थांबते. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक डोंगराच्या पायथ्याने खोपोलीकडे जातो आणि दुसरा बोरघाट चढून खंडाळा गाठतो. १८६३ मध्ये घाटातील रेल्वे सुरू झाली. त्यापूर्वी कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटसरूंना, बैलांच्या तांड्यांना आणि फौजांना याच डोंगरातील खिंडीतून पायी चढावे लागे. मुंबईकर इंग्रज आणि पुण्याचे पेशवे यांच्यामधली ही मुख्य वाट होती, आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात तिने दोनदा इंग्रजांची फौज चढताना आणि दोनदा तिची दाणादाण पाहिली. वडगावच्या पराभवाची आणि 'इष्टुर फाकड्या'ची गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. त्या युद्धाची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्यांनी ते युद्ध सुरू केले, त्यांना तसे करण्यास कायद्याने स्पष्ट मनाई होती.

राज्यकर्त्याने आपल्या मर्जीने युद्ध पुकारू नये, त्यासाठी विधिमंडळाची अथवा कायद्याची संमती लागावी, हा विचार आज बहुतेक लोकशाही राष्ट्रांना तत्त्वतः मान्य आहे. व्यवहारात मात्र तो पुनःपुन्हा मोडतो. तो का मोडतो आणि कोणत्या अटींवर टिकू शकतो, हे समजून घेण्यासाठी परदेशांचा इतिहास धुंडाळण्याआधी बोरघाटाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. कायदा, त्याच्या पळवाटा, त्याचे उल्लंघन आणि त्या उल्लंघनाचे परिणाम ही सारी साखळी तेथे सलग पाहावयास मिळते.

१७७३ चे बंधन

ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ मध्ये रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट संमत केला. ईस्ट इंडिया कंपनी ही व्यापारी मंडळी असली तरी तिच्यापाशी फौज होती, प्रदेश होता आणि तह करण्याची सवयही होती. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही ठिकाणची कौन्सिले आपापल्या हिशेबाने भांडणे उकरून काढीत आणि त्यांचा भुर्दंड अखेर कंपनीला व इंग्लंडला सोसावा लागे. म्हणून या कायद्याने असे ठरविले की, मुंबई व मद्रास येथील गव्हर्नर आणि त्यांच्या कौन्सिलांनी कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची व त्याच्या कौन्सिलची पूर्वसंमती घेतल्याशिवाय कोणत्याही हिंदी सत्तेविरुद्ध युद्ध सुरू करू नये किंवा तिच्याशी तह करू नये. हे बंधन मोडणाऱ्यांना अधिकारपदावरून निलंबित करण्याची तरतूदही त्यात होती.

खुद्द गव्हर्नर जनरललाही एकट्याच्या मताने चालण्याची मुभा नव्हती. त्याचे कौन्सिल पाच जणांचे होते आणि निर्णय बहुमताने घ्यावयाचा होता. एका माणसाच्या हाती तलवार देऊ नये, हे तत्त्व त्या काळाच्या मानाने बऱ्याच स्पष्टपणे या कायद्यात मांडले गेले.

परंतु त्याच कलमात दोन अपवाद होते. कलकत्त्याच्या हुकमाची वाट पाहणे धोक्याचे ठरेल, अशी तातडीची निकड असेल तर प्रांतिक कौन्सिलला स्वतः निर्णय घेता येई. तसेच लंडनमधील संचालकांचे खास आदेश असतील तर कलकत्त्याच्या संमतीची गरज नसे. पुढच्या सहा वर्षांत जे घडले, ते मुख्यतः या दोन फटींमधून घडले.

निकड कोणी ठरवायची?

मुंबईकरांचा डोळा साष्टी आणि वसईवर होता. मुंबई बेटाला धान्य आणि सुरक्षितता या दोहोंसाठी हा मुलूख हवा होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि राघोबादादा गादीसाठी आश्रय शोधू लागले, तेव्हा मुंबईकरांना संधी दिसली. पोर्तुगीज साष्टी परत घेण्यास येत आहेत, अशी बातमी पुढे करून १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस राघोबादादांशी तह झाला. साष्टी, वसई आणि इतर मुलखाच्या बदल्यात त्यांना पुण्याच्या गादीवर बसविण्याचे इंग्रजांनी मान्य केले. यासाठी कलकत्त्याची पूर्वसंमती घेतलेली नव्हती. निकड होती, एवढेच मुंबईकरांचे म्हणणे होते.

ही निकड खरी होती की सोयीची, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला लढायचे होते त्याच्याच हाती राहिला. कलकत्त्याच्या कौन्सिलने पुढे ३१ मे १७७५ च्या पत्रात सुरतेचा तह अविचारी, धोकादायक, अनधिकृत आणि अन्याय्य असल्याचा अभिप्राय दिला. इतका कठोर आणि इतका न्याय्य निवाडा त्या काळच्या दप्तरात विरळाच सापडेल. पण त्या पत्राच्या तेरा दिवस आधी, १८ मे रोजी, गुजरातेत आडासच्या रणांगणावर कर्नल कीटिंगची फौज मराठ्यांशी लढून मोकळी झाली होती. संमती नाकारणारा कागद तयार होण्यापूर्वीच रक्त सांडले होते.

तरीही कायदा अगदीच निष्प्रभ ठरला नाही. कलकत्त्याने कर्नल अप्टन यास पुण्याला पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह होऊन सुरतेचा तह रद्द झाला. पण तेवढ्यात दुसरी फट उपयोगी पडली. सुरतेचा तह लंडनच्या संचालकांना पसंत पडला आणि त्या तहाने मिळालेला मुलूख हातचा सोडू नये, असा त्यांचा अभिप्राय येऊन पोहोचला. ज्या कृत्याला एका वरिष्ठाने अनधिकृत ठरविले, त्याला दुसऱ्या वरिष्ठाने फायदा पाहून आशीर्वाद दिला. मुंबईकरांनी यातून बोध घेतला तो एवढाच की, कायदा मोडताना मुलूख पदरात पडत असेल तर शिक्षा होत नाही.

कौन्सिलच्या बहुमताचे बंधनही फार काळ टिकले नाही. वॉरन हेस्टिंग्जचे विरोधक मॉन्सन व क्लॅव्हरिंग हे अनुक्रमे १७७६ आणि १७७७ मध्ये वारले आणि निर्णायक मताच्या जोरावर हेस्टिंग्जचे पारडे जड झाले. १७७८ च्या आरंभी कलकत्त्याने मुंबईच्या योजनेला पाठिंबा दिला. पुण्यातील मोरोबादादांचा गट राघोबांना परत आणू इच्छितो, हे त्या पाठिंब्यामागचे गृहीत होते. त्याच वर्षाच्या मध्यास नाना फडणिसांनी महादजी शिंद्यांच्या साहाय्याने मोरोबांचा डाव मोडून काढला. म्हणजे ज्या परिस्थितीसाठी संमती होती ती परिस्थिती संपली. संमतीचा कागद मात्र शिल्लक राहिला आणि मुंबईकरांनी तो वापरला.

घाटातील फौज

नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज पनवेलला उतरून बोरघाटाकडे निघाली. तिच्याबरोबर एकोणीस हजारांवर बैल होते. गव्हर्नर हॉर्नबी मुंबईत होता आणि फौजेवर सेनापती कर्नल एगर्टन याच्यासह कार्नॅक व मॉस्टिन या मुलकी अधिकाऱ्यांची समिती नेमलेली होती. बंगालहून कर्नल गॉडर्डची फौज मध्य हिंदुस्थानातून येत होती, पण तिची वाट पाहण्याचा धीर मुंबईकरांना नव्हता. मॉस्टिन आजारी पडून वारला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा इष्टुर फाकडा, ठार झाला. फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळून ओस पाडलेले होते. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी माघार घेतली आणि वडगावला ते वेढले गेले.

या पराक्रमाचे वर्णन मराठीत पुष्कळ झाले आहे. त्यात ज्यांचा उल्लेख क्वचितच येतो ती माणसे घाटाच्या दोन्ही अंगांना राहत होती. एकोणीस हजार बैलांना वैरण लागते. ती खालापूर-कर्जतकडच्या शिवारांतून आणि मावळातून येणार हे उघड होते. शत्रूच्या हाती दाणागोटा लागू नये म्हणून पुणे दरबारने जी गावे जाळली, ती आपल्याच रयतेची होती. १७८१ मध्ये हेच पुन्हा घडले. गॉडर्डने फेब्रुवारीत बोरघाट घेतला, पुणे दरबार नमेल म्हणून वाट पाहिली आणि एप्रिलमध्ये तो पनवेलकडे माघारी फिरला, तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी घाटाखालच्या वाटेवर त्याची चारशेंहून अधिक माणसे मारली अथवा जखमी केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध संपले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि राघोबादादांना वेतन घेऊन स्वस्थ बसावे लागले. सात वर्षांच्या युद्धाअंती हाती आलेली साष्टी पुरंदरच्या तहानेही इंग्रजांकडे राहिलेलीच होती.

अधिकार नसल्याची सबब

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग वडगावच्या तहाचा आहे. वेढ्यात सापडलेल्या समितीने जानेवारी १७७९ मध्ये करार केला. १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख परत करण्याचे, बंगालची फौज मागे फिरविण्याचे आणि राघोबांना स्वाधीन करण्याचे तिने कबूल केले. फौज सुखरूप मुंबईला पोहोचल्यावर मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी हा करार झिडकारला. या समितीला तह करण्याचा अधिकारच नव्हता, असे कारण देण्यात आले. वाटाघाटींच्या वेळी तसे महादजींना सांगितलेही गेले होते.

कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे खोटे नव्हते. पण अधिकाराचा हा काटेकोरपणा फौज पनवेलहून निघाली तेव्हा कोणाला सुचला नाही. युद्धात जाताना जे बंधन सैल झाले, ते युद्धातून बाहेर पडताना घट्ट झाले. सत्ताधाऱ्यांची ही खोड केवळ अठराव्या शतकापुरती नाही. अधिकाराच्या मर्यादा त्यांना आठवतात त्या बहुधा दिलेला शब्द मागे घेण्याच्या वेळी.

शिक्षेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. संचालकांनी कार्नॅक, एगर्टन आणि त्याच्या मागून सेनापती झालेला कॉकबर्न यांना नोकरीतून काढले. त्यांचा अपराध पराभवाचा होता. युद्ध सुरू करणारा हॉर्नबी मात्र १७८४ पर्यंत मुंबईच्या गव्हर्नरपदी राहिला. १७८२ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने हेस्टिंग्ज आणि हॉर्नबी या दोघांना परत बोलवावे, असा ठराव केला होता, परंतु कंपनीच्या भागधारकांच्या सभेने हेस्टिंग्जला पाठीशी घातले. हरण्याला शिक्षा आणि बेकायदा युद्धाला अभय, असा दंडक पडला तर पुढचा राज्यकर्ता कायदा पाळण्याऐवजी जिंकण्याची खात्री करून घेईल, यात नवल नाही.

खर्डा आणि वसई

बोरघाटातील अनुभवाचा पडसाद १७८४ च्या पिट्स इंडिया अ‍ॅक्टमध्ये उमटला. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याच्या आणि राज्यविस्ताराच्या योजना ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, सन्मानाला आणि धोरणाला विसंगत आहेत, असे पार्लमेंटने कायद्यातच लिहून ठेवले. आता गव्हर्नर जनरललाही लंडनच्या आज्ञेवाचून युद्ध पुकारण्यास मनाई झाली. शत्रूने आधी लढाई सुरू केली असेल, किंवा इंग्रजांवर अथवा त्यांनी रक्षणाची हमी दिलेल्या दोस्तांवर चालून येण्याची प्रत्यक्ष तयारी केली असेल, तरच अपवाद होता. १७९३ मध्ये हे कलम पुन्हा अधिनियमित झाले.

या कायद्याने काय साधले, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्याच इतिहासात आहेत. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर निजामाच्या मदतीस गेला नाही. कायद्याने घातलेली मर्यादा हे त्याच्या तटस्थतेचे एक कारण होते. कायदा पाळण्याची इच्छा असलेला माणूस अधिकारावर असेल तर लिहिलेला शब्द फौज थांबवू शकतो, हे खर्ड्याने दाखविले.

सात वर्षांनी लॉर्ड वेलस्लीने याच्या उलट दाखवून दिले. होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांचे संरक्षण पत्करले. पेशवा दोस्त झाला आणि दोस्ताच्या रक्षणाची सबब तयार झाली. ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे व भोसले यांच्याविरुद्ध युद्ध सुरू झाले. अहमदनगर पडले आणि सप्टेंबरात असईची लढाई झाली. लंडनला बातमी पोहोचून उत्तर यायला कित्येक महिने लागत. तोवर हिंदुस्थानचा नकाशा बदललेला असे. कायद्याचा अपवाद हवा असेल तर आधी तह करून तो अपवाद निर्माण करता येतो, ही युक्ती वेलस्लीने सिद्ध केली.

खजिन्याची किल्ली

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपले तेव्हा पार्लमेंटने वेगळी वाट चोखाळली. हिंदुस्थान सरकारच्या कायद्यात ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने अशी तरतूद झाली की, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून खर्च करता येणार नाही. प्रत्यक्ष आक्रमण परतविणे किंवा तशीच आकस्मिक निकड असणे, एवढाच अपवाद ठेवला. युद्धाचा हुकूम सुटल्यास तीन महिन्यांच्या आत पार्लमेंटला कळविण्याचे बंधनही घातले गेले.

ही कल्पना मुळात शहाणपणाची होती. राज्यकर्त्याची तलवार अडविणे कठीण असते, पण त्याची थैली अडविता येते. मात्र १८७८ मध्ये पंतप्रधान डिझरेलीने सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टा बेटावर पाठविले, तेव्हा ही बातमी पार्लमेंटला ईस्टरची सुटी लागल्यावर बाहेर आली. खर्च इंग्लंडच्या तिजोरीतून होणार असल्याने १८५८ चे कलम लागू होत नाही, असा युक्तिवाद सरकारने केला आणि बहुमताच्या बळावर तो निभावून नेला. पार्लमेंटला विचारले ते फौज निघाल्यानंतर.

या व्यवस्थेत ज्यांचा पैसा आणि ज्यांची माणसे, त्या हिंदी जनतेला काहीच आवाज नव्हता. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी दिलेल्या साक्षीचा रोख यावरच होता. साम्राज्यविस्तारासाठी वाढलेल्या लष्करी खर्चाचा बोजा हिंदुस्थानच्या माथी मारला जातो आणि त्यावर हिंदी करदात्याचे कसलेही नियंत्रण नाही, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. फर्ग्युसन कॉलेजातील एका प्राध्यापकाने साम्राज्याच्या राजधानीत जाऊन विचारलेला प्रश्न साधा होता. जो पैसा देतो, त्याला विचारले का जात नाही?

त्या प्रश्नाचे उत्तर ३ सप्टेंबर १९३९ पर्यंत मिळाले नाही. त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती विधिमंडळाचा कौल घेतला गेला नाही आणि प्रांतांतील निर्वाचित मंत्रिमंडळांनाही विचारले गेले नाही. १९३५ च्या कायद्याने संरक्षण व परराष्ट्र व्यवहार हे विषय गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवले होते, त्यामुळे एका माणसाची सही पुरेशी झाली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे या प्रश्नावर पायउतार झाली. युद्ध नाझींविरुद्ध होते आणि नाझींबद्दल बहुतेक राष्ट्रीय नेत्यांच्या मनात तिरस्कारच होता. त्यांचा आक्षेप न विचारण्याला होता.

अमेरिकेचा धडा

स्वतंत्र आणि लोकशाही राष्ट्रांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सेनापतिपद अध्यक्षाला. ऑगस्ट १९६४ च्या टोंकिनच्या आखातासंबंधीच्या ठरावाने काँग्रेसने अध्यक्षाला जवळजवळ कोरा धनादेश लिहून दिला आणि व्हिएतनामचे युद्ध त्यावर वर्षानुवर्षे चालले. पुढे पश्चात्ताप होऊन काँग्रेसने १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकारांसंबंधी कायदा केला. सैन्य लढाईत उतरविल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि ६० दिवसांत संमती न मिळाल्यास, माघारीसाठी ३० दिवसांची सवलत धरून, ते परत आणावे, असा तो नियम आहे.

त्या नियमाची अवस्था १७७३ च्या कायद्याची आठवण करून देते. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावरील बॉम्बफेक ७८ दिवस चालली आणि प्रतिनिधिगृहात तिला पाठिंबा देण्याचा ठराव समसमान मतांमुळे फेटाळला गेला, तरी बॉम्बफेक थांबली नाही. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटल्यावर ही कारवाई कायद्याच्या अर्थाने लढाई नव्हेच, असा शब्दच्छल करण्यात आला. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्या सूत्रधारांविरुद्ध दिलेली संमती पुढे दोन दशकांहून अधिक काळ अनेक देशांत आणि तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या संघटनांविरुद्ध वापरली गेली. मोरोबांचा डाव मोडल्यावरही मुंबईकरांनी कलकत्त्याची संमती वापरली, त्याचेच हे मोठे रूप होय.

याच्या उलट अनुभवही आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने सीरियावरील कारवाईचा सरकारी ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि सरकारने तो निर्णय पाळला. जर्मनीत २००५ च्या कायद्यानुसार सैन्य परदेशी पाठविण्यास संसदेची पूर्वसंमती लागते. तातडीच्या प्रसंगी ती मागाहून घेता येते, पण संसदेने नकार दिला तर सैनिकांना परत बोलवावे लागते.

आपली घटना काय म्हणते?

भारताच्या राज्यघटनेत युद्ध पुकारण्याची कार्यपद्धती सांगणारे स्वतंत्र कलमच नाही. संघसूचीत देशाचे संरक्षण तसेच युद्ध आणि शांतता हे विषय संसदेच्या कायदे करण्याच्या कक्षेत आहेत. अनुच्छेद ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाकडे. परंतु त्याच अनुच्छेदात या आधिपत्याचा वापर कायद्याने नियंत्रित केला जाईल, असे शब्द आहेत. सैन्याची शिस्त आणि व्यवस्था यांविषयी कायदे झाले. सैन्य लढाईत केव्हा उतरवावे आणि संसदेला केव्हा विचारावे, यासंबंधी कायदा मात्र झालेला नाही.

यातून एक चमत्कारिक विसंगती निर्माण झाली आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली आणीबाणी, लढाई महिनाभरात थांबली तरी, १९६८ च्या जानेवारीपर्यंत चालली. डिसेंबर १९७१ चे युद्ध चौदा दिवसांत संपले आणि त्या वेळची आणीबाणी १९७७ पर्यंत राहिली. या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने संमती आणि दर सहा महिन्यांनी नूतनीकरण ही बंधने घातली. म्हणजे युद्धामुळे पुकारल्या जाणाऱ्या आणीबाणीवर संसदेचा अंकुश आहे, खुद्द युद्धावर नाही.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नव्हे. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती संसदेच्या संमतीने गेली नव्हती. ऑक्टोबरपासून ती तमिळ वाघांशी प्रत्यक्ष युद्धात गुंतली. शांतता राखण्याचे काम लढाईत बदलले, तरी त्या बदलावर संसदेचे मत अजमावले गेले नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेंहून अधिक जवान कामी आले होते. याउलट २००३ मध्ये इराकमधील युद्धाविरुद्ध लोकसभेने एप्रिलमध्ये एकमताने ठराव केला आणि जुलैमध्ये सरकारने तेथे सैन्य पाठविण्याची विनंती अमान्य केली. संसद बोलली तर तिचे बोलणे वाया जात नाही, याचा हा पुरावा आहे.

निकडीचा आक्षेप

युद्धाचा निर्णय संसदेत घेणे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दल वापरण्याची परवानगी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांना काही मिनिटांत द्यावी लागली. त्या क्षणी सभागृहाची घंटा वाजवून मत घेण्याची कल्पना हास्यास्पद ठरली असती. क्षेपणास्त्रांच्या आजच्या काळात तर मिनिटांनाही मोल आहे. गुप्ततेचा मुद्दाही खरा आहे.

पण या युक्तिवादाने सिद्ध होते ते एवढेच की, आक्रमण परतविण्याचा अधिकार सरकारकडे असावा. हा अधिकार १७७३, १७८४ आणि १८५८ च्या कायद्यांनीही मान्य केला होता. वाद आहे तो पहिल्या दिवसाबद्दल नाही, तर त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आणि देशाबाहेर पाठविलेल्या सैन्याबद्दल. १९६२ मध्ये लढाई ऐन भरात असताना संसदेचे अधिवेशन ठरल्या वेळेआधी, ८ नोव्हेंबरला बोलावले गेले आणि सरकारवर कडक टीका झाली. त्याने देश दुबळा झाला नाही. निकड संपली की जाब द्यावा, ही अपेक्षा सैन्याच्या हालचालीत कसलाही अडथळा आणीत नाही.

कायद्याने काय करावे?

बोरघाटापासून बगदादपर्यंतचा अनुभव पाहिला तर केवळ 'संमतीवाचून युद्ध करू नये' एवढे वाक्य लिहून भागत नाही, हे स्पष्ट होते. १७७३ चा कायदा तीन कारणांनी फसला. निकड आहे की नाही हे लढू पाहणारा स्वतःच ठरवीत होता. एकदा दिलेल्या संमतीला मुदत आणि मर्यादा नव्हती. आणि कायदा मोडल्याचा जाब यशापयशावर अवलंबून होता. अनुच्छेद ५३ मधील शब्दांना अनुसरून संसदेने कायदा करावयाचा झाल्यास याच तीन ठिकाणी टाके घातले पाहिजेत.

सैन्य लढाईत उतरविल्यावर ठरावीक दिवसांच्या आत सरकारने दोन्ही सभागृहांना लेखी निवेदन करावे आणि अधिवेशन चालू नसेल तर ते बोलवावे. देशाबाहेर सैन्य ठेवायचे असेल तर आणीबाणीप्रमाणेच त्यालाही मुदतबंद संमती लागावी. ती विशिष्ट प्रदेशापुरती व विशिष्ट उद्देशापुरती असावी आणि उद्देश बदलला की नव्याने घ्यावी. मुदत संपल्यावर त्या मोहिमेसाठी संचित निधीतून पैसा निघू नये. अनेक वर्षी संरक्षण खात्याच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना संमत होतात, ती प्रथाही थांबली पाहिजे. खजिन्याची किल्ली हाती असूनही न वापरणाऱ्या सभागृहाला नवा कायदाही वाचवू शकणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सरकारपाशी बहुमत असतेच, मग संमती ही औपचारिकताच ठरेल. बऱ्याचदा ती तशी ठरेलही. परंतु संमती मागण्यासाठी कारण सांगावे लागते, उद्देश लिहून द्यावा लागतो आणि तो दप्तरात राहतो. कलकत्त्याच्या ३१ मे १७७५ च्या पत्राने युद्ध थांबले नाही, पण ते अनधिकृत होते हे आज अडीचशे वर्षांनी निःशंकपणे सांगता येते ते त्या पत्रामुळे. लोकशाहीत एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ज्यांची मुले आघाडीवर जातात आणि ज्यांच्या करातून दारूगोळा येतो, त्यांच्या प्रतिनिधींनी हा प्रश्न लढाई पेटण्याआधी, शांततेच्या काळात आणि कोणत्याही पक्षाचे सरकार असताना विचारला पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर तो विचारणाऱ्याच्या देशभक्तीबद्दलच शंका घेतली जाते. म्हणून असा कायदा करण्याची योग्य वेळ हीच, म्हणजे रणदुंदुभी वाजण्यापूर्वीची असते.